भारजेच्या मुखावरचे केळशी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाशी, जेथे दापोली तालुक्याची हद्द संपते आणि खाडीपलीकडे मंडणगड तालुका दिसू लागतो, तेथे भारजा नदी अरबी समुद्राला मिळते. या मुखाच्या दक्षिण काठावर, नारळी-पोफळीच्या आगरांत जवळजवळ झाकून गेलेले गाव म्हणजे केळशी. दापोलीपासून अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर. आंजर्ले, पाडले, आडे अशी किनारपट्टीची गावे मागे टाकीत, घाटी चढत-उतरत येणारा रस्ता शेवटी एका उतारावर एकाएकी सावलीत शिरतो आणि गाव सुरू होते. दक्षिणेला उटंबरचा डोंगर, उत्तरेला खाडी, पश्चिमेला लांबच लांब पुळण आणि मागे जांभ्या दगडाचा उघडा सडा, अशा चौकटीत ही वस्ती पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहे.

केळशीचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा तीन निमित्तांनी: चैत्रात महालक्ष्मीची यात्रा, उन्हाळी सुटीत पर्यटन आणि अधूनमधून तेथील वाळूच्या टेकडीबद्दल संशोधकांनी केलेली विधाने. या तिन्हींच्या पलीकडे केळशीचे एक महत्त्व आहे, त्याची चर्चा क्वचितच होते. केळशीच्या उत्तरेला सावित्री नदी बाणकोटजवळ समुद्राला मिळते. तिच्या काठावर, वर महाडला, रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. दक्षिणेला वाशिष्ठी दाभोळच्या खाडीत उतरते. तिच्या खोऱ्यात खेड तालुक्यातील लोटे परशुराम ही तशीच वसाहत आहे. दाभोळ खाडीतील मासेमार वर्षानुवर्षे सांडपाण्याविरुद्ध तक्रारी करीत आले आहेत. या दोन मोठ्या नद्यांच्या मधोमध असलेल्या भारजेच्या काठावर मात्र अशी एकही रासायनिक वसाहत नाही. मंडणगडच्या डोंगरांतून निघालेली ही छोटी नदी मांदिवलीवरून वाहत येते आणि वाटेत शेती, वाड्या व खारफुटी यांच्याखेरीज फारसे काही न पाहता केळशीला पोहोचते. कोकणातील नद्यांच्या यादीत तिचे नाव बहुधा शेवटी कोठेतरी येते. तिचे नशीब कदाचित या उपेक्षेतच दडले असावे.

गावाची रचना पाहण्यासारखी आहे. घरांच्या दोहो बाजूंनी जांभ्याच्या चिऱ्यांचे गडगे आणि मधून जेमतेम एक वाहन जाईल एवढी वाट. समोरून दुसरे वाहन आले तर एकाला मागे सरावेच लागते आणि त्या दोन-चार मिनिटांत चालक एकमेकांची ख्यालीखुशाली विचारून घेतात. प्रत्येक घरामागे आगर, आगरात विहीर आणि विहिरीपासून झाडांच्या आळ्यांपर्यंत गेलेले पाट. पूर्वी रहाटाचा आवाज हा अशा गावांचा पहाटेचा आवाज असे. विजेच्या पंपांनी तो बंद केला. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या विहिरींना गोडे पाणी लागते, याचे अप्रूप पाहुण्यांना नेहमीच वाटते. कारण सोपे आहे. जांभ्याचा सडा सच्छिद्र असतो. पावसाळ्यातील तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसाचा काही भाग तो पोटात मुरवतो आणि पायथ्याशी झऱ्यांच्या, विहिरींच्या रूपाने हळूहळू सोडतो. गोड्या पाण्याचा हा दाब समुद्राच्या खाऱ्या पाण्याला थोपवून धरतो. सड्यावर काय घडते त्याचा परिणाम खालच्या विहिरीत उमटतो, तो असा.

वस्तीही मिश्र आहे. चित्पावन ब्राह्मण, कुणबी, भंडारी, कोळी आणि कोकणी मुसलमान अशा समाजांच्या आळ्या आणि मोहल्ले जवळजवळ आहेत. कोकणच्या बहुतेक खाडीकाठांवर हे असेच दिसते, कारण ही गावे मूळची बंदरे. अरबी समुद्रावरून चालणाऱ्या व्यापाराने माणसे येथे आणली, वसवली आणि बाहेरही नेली. पुढे व्यापार आटला, बाहेर जाणे मात्र थांबले नाही. कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेले, कोणी जहाजांवर चढले, कोणी आखाती देशांत स्थिरावले. गावातील अनेक दारांना आज कुलूप असते. ती गणपतीला, शिमग्याला किंवा चैत्रात उघडतात.

चैत्रातील उत्सव अर्थातच महालक्ष्मीचा. गावाच्या दक्षिण टोकाला, उटंबरच्या पायथ्याशी हे देवस्थान आहे. चहूबाजूंनी तट, आत दीपमाळा, शेजारी तळे आणि देवळावर घुमट. हे घुमट पाहून नवख्या माणसाला क्षणभर मशीद किंवा दर्गा असल्याचा भास होतो. पेशवाईतील कोकणी देवळांवर अशा घुमटांची शैली इतरत्रही आढळते. गवंडी एकच असले की घडण सारखी होते, एवढाच त्याचा साधा अर्थ. गावात मात्र त्याचे अधिक रंजक खुलासे ऐकायला मिळतात. अष्टमीपासून सुरू होणारा उत्सव पौर्णिमेच्या सुमारास रथाने पुरा होतो. अरुंद पाखाड्यांतून उंच रथ फिरवणे हे कौशल्याचे काम असते. वळणावर रथ कोणी धरायचा, पुढे कोणी चालायचे, कोणाच्या दारी तो थांबायचा, याचे मान परंपरेने निरनिराळ्या घराण्यांना व समाजांना वाटून दिलेले आहेत आणि ते काटेकोरपणे पाळले जातात. अनेक कोकणस्थ घराण्यांची ही कुलदेवता असल्याने पुण्या-मुंबईची माणसे या दिवसांत आवर्जून येतात.

गावाचे दुसरे श्रद्धास्थान म्हणजे याकूबबाबांचा दर्गा. सतराव्या शतकातील या सूफी साधूंविषयी छत्रपती शिवाजी महाराजांना आदर होता, त्यांनी बाबांची भेट घेतली व दर्ग्याला जमीन इनाम दिली, ही परंपरा केळशीत सर्व समाजांत सांगितली जाते. शिवकालातील धार्मिक धोरणाच्या चर्चेत या दर्ग्याचा दाखला महाराष्ट्रातील अनेक लेखक-वक्ते देत आले आहेत. या आख्यायिकेतील कोणता भाग कागदपत्रांनी सिद्ध होतो आणि कोणता श्रद्धेचा आहे, हे इतिहास अभ्यासकांनी पाहावे. केळशीतील हिंदू आणि मुसलमान हे दोघेही या दर्ग्याला आपला मानतात, ही गोष्ट मात्र कोणीही जाऊन पाहू शकतो.

किनाऱ्याचा इतिहास गावाभोवती पसरलेला आहे. उत्तरेस बाणकोटचा किल्ला. १७५६ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचे नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ ठेवले. दक्षिणेस हर्णैजवळ सुवर्णदुर्ग. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स याने तो तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला. खाडीपलीकडचे वेळास हे नाना फडणविसांचे गाव. मोठ्या घटना शेजारी घडत राहिल्या आणि केळशीने त्या बहुतांशी पाहिल्या.

निदान तसा समज होता. नंतर वाळूची टेकडी बोलू लागली.

खाडीच्या मुखाशी, समुद्र आणि वस्ती यांच्या मधोमध वाळूची एक उंच टेकडी उभी आहे. कोकणात अशा टेकड्या फार नाहीत. खाडीवरील पुलाच्या कामासाठी तिचा एक भाग कापला गेला, तेव्हा तिच्या पोटातील थर उघडे पडले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी त्यांचा अभ्यास केला. वाऱ्याने साठवलेल्या वाळूच्या थरांमध्ये खापरे, हाडे, शंखशिंपले आणि मध्ययुगीन नाणी असलेले थर त्यांना आढळले. वारा नाणी आणि खापरे एवढ्या उंचीवर नेत नाही. तेव्हा हे सामान वर चढवणारी एखादी प्रचंड लाट येऊन गेली असावी, असे त्यांनी मांडले. त्यांनी ही घटना सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली. त्याला जोड मिळाली ती पोर्तुगीज बखरकारांची. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत असताना दाभोळसमोर त्याच्या ताफ्यातील जहाजे वारा नसताना एकाएकी भयंकर हेलकावू लागली, खलाशी घाबरले आणि हा समुद्राखालचा भूकंप असल्याचे मागाहून लक्षात आले, अशी हकीगत या बखरींत आहे. दाभोळ ते केळशी हे अंतर जहाजाला काही तासांचे.

हे मत सर्वांनी मान्य केले असे नाही. टेकडीतील थर एकाच लाटेचे की अनेक वादळांचे, खापरे तेथे राहणाऱ्या माणसांचीच कशावरून नसतील, असे प्रश्न उपस्थित झाले आणि ते रास्तच होते. पुढे सी. पी. राजेंद्रन, मोहम्मद हैदरजादेह व त्यांच्या सहकाऱ्यांनी केळशीच्या थरांची पुन्हा तपासणी करून २०२१ मध्ये ‘प्युअर अँड अप्लाइड जिओफिजिक्स’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. १५२४ च्या सुमारास कोकण किनाऱ्यावर त्सुनामी आदळली असावी आणि तिचा उगम पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतच्या मकरान भ्रंशपट्ट्यात असू शकतो, असे त्यांनी संगणकीय प्रारूपांच्या आधारे मांडले. याच पट्ट्यात २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मोठा भूकंप झाला होता. त्यातून उठलेली लाट मुंबईपर्यंत आली आणि तेथे प्राणहानीही झाली. त्यामुळे अरबी समुद्राला त्सुनामी ठाऊक नाही, हा भाबडा समज आता बाळगण्याचे कारण नाही.

या प्रश्नाला केवळ पांडित्याचे मूल्य नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर गेल्या तीन दशकांत जे प्रकल्प आले किंवा आणण्याचा प्रयत्न झाला, त्यांची नुसती नावे पाहिली तरी हे ध्यानात येते. गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापून त्याचे पुनरुज्जीवन करण्यात आले. जयगडला १,२०० मेगावॉटचे कोळशावरील वीज केंद्र उभे राहिले. राजापूर तालुक्यात जैतापूरला प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली. त्यानंतर बारसूची चर्चा सुरू झाली आणि एप्रिल २०२३ मध्ये तेथील माती परीक्षणाच्या वेळी मोठे आंदोलन झाले. २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा दुर्घटनेनंतर जैतापूरच्या सुरक्षिततेची चर्चा पेटली, तेव्हा केळशीच्या वाळूच्या टेकडीचा दाखला वारंवार दिला गेला. एका लहान गावाच्या कडेची वाळू राज्याच्या ऊर्जाधोरणाच्या वादात साक्षीला उभी राहिली, असे म्हणायला हरकत नाही.

साक्षीदाराचे हाल मात्र चांगले नाहीत. टेकडी कापल्यामुळे थर दिसले हे खरे, पण कापलेली वाळू पाऊस आणि उधाणापुढे टिकत नाही. दरवर्षी कडा ढासळतात आणि ढासळलेल्या कडेबरोबर थरांची नोंदही जाते. मर्यादवेल, केवडा, सुरू यांची मुळे वाळू धरून ठेवतात. ती उखडली की वारा मोकळा होतो. टेकडी ही गावाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त भिंत आहे. वादळाचे पाणी प्रथम तिच्यावर आदळते. ती एकदा गेली, तर तिच्या जागी काँक्रीटचा धूपप्रतिबंधक बंधारा उभारावा लागेल आणि त्यासाठी कोट्यवधी रुपये मंजूर होतील. सरकारी कामांचा अनुभव असलेल्या वाचकास पुढचे सांगण्याची गरज नाही.

वादळ म्हणजे काय याची प्रचीती गावाला ३ जून २०२० रोजी आली. ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर चढले आणि दापोली-मंडणगडची किनारपट्टी त्याच्या तडाख्यात सापडली. टाळेबंदीमुळे चाकरमानी आधीच अडकलेले, त्यात घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, काही ठिकाणी वीज परत येण्यास कित्येक आठवडे लागले. आगरांतील नुकसान सर्वांत खोल. पोफळ लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे जातात, उंच जातीच्या नारळालाही साधारण तेवढीच. घराचे छप्पर महिन्याभरात घालता येते, आगर उभे राहायला अर्धी पिढी लागते. पोफळीवर मिरीचे वेल, खाली जायफळ, केळी आणि अननस अशी आगराची उतरंड असते. वरची सावली गेली की खालचे सगळेच उन्हात पडते. सरकारी भरपाई प्रथम क्षेत्राच्या हिशेबाने जाहीर झाली. पाच-दहा गुंठ्यांत शंभर झाडे सांभाळणाऱ्या आगरवाल्याला हेक्टरी दराने काय मिळणार, असा सवाल तेव्हा किनाऱ्यावरील गावोगावी विचारला गेला. त्यानंतर झाडामागे भरपाई देण्याची मागणी पुढे आली.

खाडीचे अर्थकारण वेगळेच आहे. भरतीच्या पाण्याबरोबर होड्या मुखातून आत येतात. ओहोटीला वाळूचा दांडा वर येतो आणि मोठ्या नौकांना अडकण्याची भीती असते. त्यामुळे तालुक्यातील मोठी मासेमारी हर्णै बंदरात एकवटली आणि केळशीला छोट्या होड्या, पाग आणि डोलीची जाळी राहिली. बोय, कालुंद्रे, कोळंबी, खेकडे ही खाडीची मासळी. ओहोटीला चिखलात बसून तिसऱ्या आणि कालवे गोळा करणाऱ्या बायांचा उल्लेख मत्स्योत्पादनाच्या कोणत्याही तक्त्यात सापडत नाही, पण अनेक घरांची चूल त्यावर पेटते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, तेव्हा तर खाडीच आधार. ही मासळी वाढते ती खारफुटीच्या मुळांत. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये खारफुटीच्या कत्तलीविरुद्ध कडक निकाल दिला. मुंबईच्या बातम्यांत तो गाजला, परंतु त्याचे खरे मोल भारजेसारख्या खाड्यांना आहे.

पुळणीवर हिवाळ्यात आणखी एक पाहुणा येतो. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या माद्या रात्री किनाऱ्यावर चढून वाळूत खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि पहाटेपूर्वी परत जातात. सुमारे ५० ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये वेळासला कासव संरक्षण सुरू केले आणि पुढे केळशीसह अनेक किनाऱ्यांवर ते पसरले. पूर्वी ही अंडी बिनदिक्कत खाल्ली किंवा विकली जात. आज त्याच गावांतील तरुण पहाटे किनारा चालून घरटी शोधतात आणि अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवतात. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या एका मादीला उपग्रह टॅग लावून ‘प्रथमा’ असे नाव देण्यात आले. वेळासला कासव महोत्सवाने पर्यटक आणले, घरगुती निवास-न्याहारीला बरे दिवस आले. खाडीच्या अलीकडे केळशीला त्याचा वाटा अजून तुलनेने कमी मिळतो.

अलीकडचे आणि पलीकडचे हे अंतर कमी करण्याचे स्वप्न जुनेच आहे. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना अनेक दशके कागदावर फिरत राहिली. राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलेल्या आराखड्यात मोठ्या खाड्यांवरील पुलांमध्ये केळशीचेही नाव आहे. मुंबई-कोकण बोट बंद पडल्यापासून या किनाऱ्याला सरळ वाट राहिली नाही. १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वेसुद्धा खेडवरून गेली आणि केळशीपासून दूरच राहिली. रात्री-अपरात्री रुग्णाला दापोलीला न्यावे लागलेल्या कोणत्याही कुटुंबाला रस्ता नको, असे म्हणता येणार नाही. पण रस्ता एकटा येत नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने कोकण किनाऱ्यावरील १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याची अधिसूचना काढली. त्याच सुमारास सागरी महामार्गालगत १३ विकास केंद्रे उभारण्याचे कामही रस्ते विकास महामंडळाकडे सोपवण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या औद्योगिक शहरांत रायगडमधील दिघीचा समावेश झाला. औद्योगिकीकरण उत्तरेकडून खाडी-खाडी ओलांडत खाली येत आहे, असे नकाशावर बोट फिरवले तर दिसते.

सड्यावर ते आधीच पोहोचले आहे. केळशीजवळच्या उंबरशेत-रोवले परिसरात बॉक्साइटचे खाणकाम झाले आहे. जांभ्याच्या कठीण कवचाखाली हे खनिज असते, म्हणजे ते काढायचे तर आधी सडाच फोडावा लागतो. वर सांगितलेली विहिरींची गोष्ट येथे पुन्हा आठवावी. खाणीमुळे काही हातांना काम मिळते, डंपरचे भाडे मिळते, जमिनीला दर येतो. हे फायदे खोटे नाहीत आणि ज्यांच्या पदरी नुसता वरकस सडा आहे त्यांना ते हवेसे वाटले तर त्यात नवल नाही. आगरवाला आणि सडेवाला यांचे हित येथे एकमेकांपासून दूर जाते. शहरात बसून ‘कोकण वाचवा’ म्हणणाऱ्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही, कारण त्यांना गाव एकसंध दिसते.

जमिनीचा व्यवहार हा आणखी वेगळा विषय. महामार्गाची बातमी आली की दलाल येतात. सातबारावर डझनभर नावे, त्यांपैकी निम्मी मुंबईत, काही परदेशात आणि काही हयात नाहीत, अशी बहुतेक कोकणी जमिनीची अवस्था असते. त्यामुळे केळशीसारख्या गावात विक्री लांबत जाते. गमतीचा भाग असा की, सामायिक मालकीच्या ज्या गुंत्याला विकासाचा अडथळा म्हणून नावे ठेवली जातात, त्यानेच आजवर अनेक आगरे आणि सडे जागच्या जागी राखले आहेत. या गुंत्यातून सुटलेल्या जमिनींवर आता बंगले आणि विश्रामगृहे उठत आहेत. त्यांच्या बोअरवेल जुन्या विहिरींपेक्षा खोल जातात. समुद्रकाठी खोल बोअर मारून वारेमाप उपसा केला की गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि खारे पाणी आत सरकते, हा धडा किनाऱ्यावरील अनेक पर्यटनगावांनी याआधी घेतला आहे.

केळशीला जायचे असल्यास खेड हे रेल्वे स्थानक सोयीचे. तेथून दापोली आणि पुढे एस. टी. किंवा खासगी वाहन. राहण्यासाठी गावात घरगुती सोय होते, आधी कळवलेले बरे. चैत्रातील यात्रेच्या दिवसांत जागा मिळणे कठीण. कासवांची पिल्ले पाहायची असतील तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ योग्य, आणि पुळणीवर गाडी घालू नये: चाकाखाली घरटी येतात. उटंबरच्या माथ्यावर देऊळ आहे. तेथून संध्याकाळी खाडीचे मुख, पुळण आणि तिच्या उत्तर टोकाची वाळूची टेकडी एका नजरेत दिसते. टेकडीवर चढण्याचा मोह मुलांना होतो. कापलेल्या कडेजवळ जाऊ देऊ नये. वाळू अजून सुटतेच आहे.